गोमाजीच्या घरचे कवेलू

चिचटोल्यात इंग्रजी कवेलूंचं, म्हणजे चपट्या कौलांचं, घर एकच होतं, आणि ते बेबीचं होतं. म्हणजे तसं ते गोमाजी नाकाड्यांचं, पण बेबीला विचाराल तर ती माझंच म्हणेल. बाकी साऱ्या टोल्यावर कुंभाराच्या भट्टीतले गोल कवेलू. माकडं नाचली की फुटायचे, दर उन्हाळ्यात उतरवून फेरायला लागायचे, आणि फेरूनही पावसाळ्यात घरोघरी गंज आणि परातींची रांग लागायचीच. बेबीच्या घरावर मात्र चपटे, लालभडक कवेलू, एकाच्या खाचेत दुसरा अडकवलेला, शाळेतल्या कवायतीसारखे रांगेत. घनश्याम मॅट्रिक पास झाला त्या वर्षी धान असा लोंबला होता की बांधीत पाय टाकायला जागा नव्हती. त्याच वर्षी गोमाजीने गोंदियाहून ट्रकभर कवेलू आणले. पोरगा साहेब होईल, साहेबाचे मित्र घरी येतील, तेव्हा डोक्यावर पाणी ठिबकायला नको, एवढाच त्याचा हिशेब होता.

पोरगा साहेब झाला नाही, मास्तर झाला. भंडाऱ्याच्या कॉलेजात बी.ए., मग बी.एड., आणि मग पिंपळखारीच्या नव्या हायस्कुलात नोकरी. नोकरी म्हणजे कशी, तर शाळेला अजून सरकारची मान्यता नव्हती. मान्यता आली की अनुदान येणार आणि अनुदान आलं की पगार. तोवर घनश्यामने दर एक तारखेला पगाराच्या रजिस्टरवर सही करायची आणि रिकाम्या खिशाने खोलीवर परतायचं. तीन वर्षं झाली, तो सही करत होता. सही मात्र फार देखणी झाली होती.

खोलीवरच्या चुलीसाठी सगळं घरूनच जायचं. दर महिन्याला माय, म्हणजे शकुनबाई, तांदळाची थैली डोक्यावर आणि लाखोळीची डाळ, जवसाचं तेल हातात घेऊन लाखांदूरच्या एस.टी.त चढायची. रोवणीच्या दिवसांत शाळेच्या अध्यक्षांच्या, मारोतरावांच्या बांधीत आठ दिवस ती आणि गोमाजी फुकट राबून यायचे. कोणी सांगितलं नव्हतं, पण कोणी नको असंही म्हटलं नव्हतं. गोमाजी नांगरताना पोराची कॉलेजातली पँट घालायचा, गुडघ्यापर्यंत दुमडून. शेजारची रंभाबाई म्हणायची, लोकाची पोरं कमावून बापाले धोतर घेऊन देतात, आमच्या गोमाजीभाऊले पोरानं पँट देल्ली. हे ती हसत म्हणायची, आणि बेबीला तिच्या त्या हसण्याचाच राग यायचा.

बेबी नववीत होती. नुकतीच तिच्या हाती एक गोष्ट लागली होती, ती म्हणजे अक्षर. लाखांदूरच्या शाळेत फळ्यावर रोजचा सुविचार लिहायचं काम तिला मिळालं होतं आणि तेव्हापासून तिची चालच बदलली होती. टोल्यातली पत्रं ती लिहायची, लग्नाच्या अक्षतांची यादी ती लिहायची, आणि कोणी काही लिहायला सांगितलं नाही तर चुलीच्या कोळशाने भिंतीवर लिहायची. गोमाजीला अक्षर म्हणून एकही येत नव्हतं. पण पोरगी लिहायला बसली की तो विडी विझवून बघत बसायचा, जणू कोणी बारीक रोवणी करत आहे.

शिमगा होऊन पाच-सहा दिवस झाले होते. ऐन दुपारी मारोतरावांची राजदूत फटफटी दारात येऊन थांबली. ते खाटेवर बसले, पाणी प्यायले, आणि तोंड पुसता पुसता त्यांनी वर पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग सांगितलं की चैत्रात तपासणी लागली आहे. भंडाऱ्याहून साहेब येणार. मुलं किती, मास्तर किती, खोल्या किती, सगळं मोजणार. दोन खोल्या आहेत, तिसरी पाहिजे, आणि ती पक्क्या छपराची पाहिजे. भिंती उभ्या होत आहेत. छपराचा माल सांगून ठेवला आहे, पण तो वेळेवर येत नाही.

“तुह्या पोराचं नाव मी मास्तरांच्या यादीत पयल्या नंबरावर टाकतो, गोमाजी,” ते म्हणाले. “तुह्या घरावरचे कवेलू फक्त उसने दे. तपासनी झाली का आठव्या दिवशी तुह्या घरावर.”

माय चुलीपाशी होती. तिची फुंकणी थांबली नाही, पण धूर एकदम वाढला.

गोमाजीने आधी ढोलीकडे पाहिलं. घराच्या मधोमध बांबूची, शेणामातीने सारवलेली धानाची ढोली उभी होती, पुरुषभर उंच. त्यात वर्षाचं खाणं, पुढच्या पेरणीचं बियाणं आणि घनश्यामच्या महिन्या-महिन्याच्या थैल्या, सगळं एकाच पोटात. मग त्याने वर पाहिलं. मग मारोतरावांकडे.

“पावसाच्या आंधी येतीन ना जी?” त्याने विचारलं.

मारोतराव हसले. म्हणाले, अरे बाबा, पावसाले अजून तीन महिने हायेत.

दुसऱ्या दिवशीपासून घर उघडं व्हायला लागलं. गोमाजी वर चढला. एकेक कवेलू तो खाचेतून असा सोडवायचा जसं कोणी झोपलेल्या लेकराच्या हातातून खेळणं काढतं. शिडीच्या मधल्या पायरीवर माय उभी राहून तो खाली बेबीच्या हाती द्यायची. आणि बेबी उलटा करून सावलीत मांडायची. एवढे सातशे कवेलू दुसऱ्याच्या गावी जाणार, तिथे मारोतरावांचा माल आला तर मिसळणार, मग आपले कोणते आणि त्यांचे कोणते हे कसं कळायचं? ही शंका गोमाजीलाच आली. रस्त्याच्या कामावरून आणलेलं थोडं डांबर डब्यात होतं. ते त्याने चुलीवर पातळ केलं, कडुनिंबाची एक दातवन चावून तिचा कुंचला केला आणि बेबीला दिला.

“हरेकाले एक फुली मारजो,” तो म्हणाला. “खालच्या अंगानं. बस, फुली.”

फुली. नववीतल्या, फळ्यावर सुविचार लिहिणाऱ्या मुलीने फुली मारायची, जशी आंधळ्या पांडू कोतवालाने मारावी. पहिल्या पाच कवेलूंवर तिने मारल्या. सहाव्यावर तिचा हात आपोआपच वळला. डांबर छान वाहत होतं, मातीचा भाग सपाट होता, आणि फळ्यापेक्षा त्यावर अक्षर सुंदर उठत होतं. तिने लिहिलं, गोमाजी नाकाडे. सुकल्यावर पाहिलं, तर काय ते अक्षर. मग तिला वाटलं की नुसत्या नावाने काय होतं, मारोतराव म्हणतील गोमाजीने बक्षीस दिले. म्हणून तिने पूर्ण वाक्य रचलं. शाळेतल्या अर्जासारखं, व्यवस्थित, पूर्णविरामासकट: हे कवेलू गोमाजी नाकाडे यांच्या घरचे आहेत. तपासणी झाल्यावर परत करणे.

तशी तिने शंभरावर लिहिली. हात दुखला तेव्हा नुसतं नाव, मग नुसतं गो. ना., आणि शेवटी पुन्हा फुल्या. गोमाजी वरून डोकावला तर त्याला काळ्या-काळ्या रेघा दिसल्या. त्याने विचारलं, एवढं काय लिवून राहिली? ती म्हणाली, तुमचं नाव. तो वरच, छपराच्या उघड्या फाट्यावर, आडव्या बांबूवर बसून हसला. त्याच्या पाठीमागे पहिल्यांदाच घरातून आभाळ दिसत होतं.

तीन खेपा बैलबंडी गेली. खाली तनसाचा, धानाच्या वाळल्या काडाचा थर, मग कवेलूंचा, मग पुन्हा तनस. शेवटच्या खेपेला बेबी सोबत गेली. तिला वाटलं होतं की भाऊ धावत येईल. घनश्याम शाळेच्या ओट्यावर मारोतरावांजवळ उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून. बाप बंडीवरून उतरला तेव्हा त्याची नजर बापाच्या दुमडलेल्या पँटवर गेली आणि तिथून बाजूच्या निंबावर. तो म्हणाला, “इथे ठेवा, बाबा.” ठेवा म्हणाला. घरी तो ठेवजो म्हणायचा. गोमाजीनेही मग पोराला अहो-जाहो केलं, मास्तर, इथं ठेवू का तिथं, असं विचारलं. मारोतराव खुश झाले.

तिसऱ्या खोलीच्या भिंती कमरेएवढ्याच होत्या. कवेलू निंबाखाली रचले गेले.

मग उन्हाळा घरात राहायला आला. पाहुण्यासारखा नव्हे, मालकासारखा. दहा वाजता ऊन चुलीपाशी, बाराला देवळीत, दोनला ढोलीवर. मायने जुनी लुगडी शिवून ढोलीवर बांधली. ती वाऱ्याने फुगायची आणि खाली बसायची, फुगायची आणि बसायची, जणू ढोली श्वास घेते आहे. कावळे आता आढ्यावरून सरळ परातीत उतरायचे. एकाने मायची कुंकवाची डबी नेली. संध्याकाळी माय गोमाजीला एवढंच म्हणाली, “अजी, घराले डोळा लागल्यावानी वाटते.”

तपासणीची तारीख आली आणि गेली. साहेबांची बदली झाली, नवे साहेब येणार, मग ते येणार. गोमाजी दोनदा पिंपळखारीला जाऊन आला. कवेलू निंबाखालीच होते. भिंती खांद्यापर्यंत आल्या होत्या. तोवर कवेलू घरी नेऊन पुन्हा आणतो, असं त्याने मारोतरावांना सांगून पाहिलं. मारोतराव म्हणाले, उद्याच साहेब आले तं तुह्याच पोराचं नुकसान होईल, बावा, पाहून घे. दुसऱ्यांदा त्यांनी त्याला तसंच पाठवलं नाही. पाणी पाजलं आणि शाळेच्या विहिरीतला गाळ काढून घेतला.

चैत्राच्या शेवटी एक दुपार अशी आली की वारा पडला. झाडाचं पान हलेना. पश्चिमेकडे आभाळ आधी पिवळं, मग भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखं झालं. वावधन सुटलं. धूळ, पळसाची पानं, कोणाची तरी वाळत घातलेली चोळी, सगळं बेबीच्या घरात वरून आत पडलं. माय ढोलीला मिठी मारून उभी राहिली, लुगड्याची टोकं दातात धरून. गोमाजी फाट्यावर चढून दोर आवळत होता. गारा पडल्या, पण दोन कोसांवर, दुसऱ्या गावात. चिचटोल्यात मोजून वीस थेंब पडले. मायने मिठी सोडली तेव्हा तिच्या गालाला ढोलीचं शेण लागलं होतं. तिने ते पुसलं नाही. रंभाबाई दारात येऊन उभी होती. आज ती हसली नाही, आणि त्यानेच बेबीला जास्त भीती वाटली.

चार दिवसांनी निरोप आला. परवा तपासणी. छप्पर चढवलं आहे. मुलं कमी पडतात, म्हणून टोल्यातल्या आठवी-नववीच्या दहा मुली घेऊन या, निळा स्कर्ट असेल तर घालून. आणि साहेब गेले की त्याच बंडीत कवेलू भरून न्या.

जाताना मुली आणि येताना कवेलू. गोमाजीने बैलांची शिंगं तेलाने पुसली. बंडीत मुली खिदळत होत्या आणि सगळ्यात जास्त बेबी. आज घर परत येणार होतं.

शाळेच्या मागच्या बाजूला घनश्याम उभा होता. त्याचे दोन्ही हात चुन्याने पांढरे होते आणि बोटांची सालटं निघाली होती. त्याने बेबीला एकटीला बाजूला नेलं. ती काही विचारणार, तोच तो घरच्या बोलीत बोलला, फार दिवसांनी.

“काल रातभर चुना मारला,” तो म्हणाला. “डांबर झाकल्या जात नाई, बेबे. काहून लिवलं तू?”

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. कवेलू घरावर होते तेव्हा खालचं अंग कोणाला दिसत होतं? त्यांनाच, घरात झोपणाऱ्यांना. तसंच ते इथे दिसणार होतं, बाकावर बसणाऱ्यांना. एवढी साधी गोष्ट तिच्या लक्षात आली नव्हती, कारण ती अक्षराकडे पाहत होती.

“वर पाहू नको,” घनश्याम म्हणाला. “कोणीच पाहू नका.”

तिला आठवीच्या वर्गात बसवलं आणि मंगला नावाच्या कोण्या मुलीचं नाव दिलं. हजेरीला तिने मंगला म्हणून ओ दिली. नव्या खोलीत चुन्याचा ओला वास होता. चाळीस मुलं ताठ बसली होती आणि चाळीसच्या चाळीस खाली बघत होती. बेबीने एकदाच, डोळ्याच्या कोपऱ्यातून, वर पाहिलं. पांढऱ्या चुन्यातून अक्षरं तपकिरी होऊन वर आली होती. चुन्यामुळे ती जास्तच ठळक दिसत होती. रांगेत, एकाखाली एक. हे कवेलू. हे कवेलू. हे कवेलू.

साहेब आले. बारीक, पिकलेल्या मिशीचे, चष्मा नाकाच्या टोकावर. मारोतराव मागे, गळ्यात उपरणं. साहेबांनी खुर्चीवर बसून रजिस्टर उघडलं. भूगोलाचे दोन प्रश्न विचारले, मुलांनी खाली बघत उत्तरं दिली. वैनगंगा कोठे उगम पावते ते एका मुलाने बाकाला सांगितलं. घनश्याम फळ्यापाशी उभा होता, खडू हातात, आणि खडूचा भुगा त्याच्या पायावर पडत होता.

साहेबांनी तीन पानं लिहिली. चौथं उलटणार तेवढ्यात वरून चुन्याची एक खपली सुटली आणि त्यांच्या रजिस्टरवर पडली. त्यांनी ती बोटाने उडवली. दुसरी पडली, नखाएवढी. आता अशा वेळी कोणतंही पोर वर बघतं. चाळीसांपैकी एकानेही पाहिलं नाही. साहेबांनी एकदा मुलांच्या चाळीस भांगांकडे पाहिलं. आणि मग चष्मा वर सरकवून त्यांनी मान मागे टाकली.

ते वाचू लागले. मोठ्याने, सावकाश, धडा वाचतात तसे. “हे कवेलू गोमाजी नाकाडे यांच्या घरचे आहेत. तपासणी झाल्यावर परत करणे.” आणि थोडं थांबून, “अक्षर छान आहे. कोणाचं?”

गेले दोन महिने कोणीही हा प्रश्न विचारला की बेबी ताडकन उभी राहत आली होती. आताही तिचे गुडघे हलले. पण ती आज मंगला होती. मंगलाला हे अक्षर येत नव्हतं. घनश्यामने तिच्याकडे पाहिलं, आणि त्या नजरेने ती जागच्या जागी खिळून बसली. तिने मान अजून खाली घातली.

साहेबांनी विचारलं, गोमाजी कोण. घनश्याम म्हणाला, “माझे वडील, सर.” आवाज फुटला नव्हता, पण खडू फुटला.

मारोतराव पुढे सरसावले. म्हणाले, दान आहे साहेब, शाळेला दान दिलं त्यांनी, खेड्यातल्या माणसाला लिहायची रीत कळत नाही. साहेबांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. गोमाजी इथे आहेत का, एवढंच विचारलं.

गोमाजी बाहेर बंडीत तनस पसरत होता. त्याला बोलावलं. दारात त्याने वहाणा काढल्या, दुमडलेली पँट उगाच खाली सोडली आणि आत आला. आल्या आल्या त्याने वर पाहिलं. सबंध खोलीत तो एकटाच मोकळेपणाने वर बघणारा माणूस होता. आपले कवेलू नीट बसवलेले पाहून त्याला बरं वाटलं, तेही त्याच्या तोंडावर दिसलं.

“हे कवेलू तुम्ही शाळेला दान दिले, की उसने दिले?” साहेबांनी विचारलं. “खरं सांगा. उसने असतील तर ही खोली मला खोली म्हणून लिहिता येणार नाही.”

खोली न लिहिली तर मान्यता नाही. मान्यता नाही तर तीन वर्षांच्या सगळ्या देखण्या सह्या पाण्यात. हे तिथे बसलेल्या चाळीस मुलांनाही कळत होतं. गोमाजीने पोराकडे पाहिलं. पोरगा जमिनीकडे बघत होता. त्याच्या हाताची निघालेली सालटं गोमाजीला दिसली. मग त्याने मुलांच्या रांगेत बेबीला शोधलं. ती सापडली, पण तिने डोळे वर केले नाहीत. बाहेर बैलाच्या गळ्यातली घंटी दोनदा वाजली.

“दान देल्ले जी,” गोमाजी म्हणाला.

साहेबांना सगळं कळलं होतं, आणि कळल्याचा त्यांना काही उपयोग नव्हता. मग त्यांनी लिहिलं. शाईचा डबा पुढे केला. गोमाजीने अंगठा उठवला, पक्का, दाबून, जसं बी मातीत दाबतात.

“आता ते ‘परत करणे’ तेवढं खरवडून टाका,” साहेब उठता उठता घनश्यामला म्हणाले. “जिथे जिथे असेल तिथे. नाव राहू द्या.”

बंडी परत निघाली तेव्हा तीत मुली होत्या आणि तनस होता. कोणी खिदळलं नाही. शाळेतून खरवडल्याचा आवाज रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होता.

वैशाख संपता संपता कागद आला. शाळेला मान्यता मिळाली होती, तात्पुरती. अनुदानाचा विचार दोन वर्षांनंतर. घनश्यामचं नाव यादीत पहिलं होतं. तो सांगायला आला, उभ्या-उभ्याच, आणि जाताना मायने त्याला तांदळाची थैली दिली. थैली घेताना त्याने ढोलीकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं. मग त्याने थैली खांद्यावर घेतली.

गोमाजी घरावर तनस चढवत होता. जुने बांबू, पळसाची पानं, वर तनसाच्या पेंढ्या, सिंदीच्या दोराने बांधलेल्या. बेबी खालून पेंढ्या फेकत होती. तपासणीच्या त्या दिवसापासून तिने एक अक्षर लिहिलं नव्हतं. मधेच ती थांबली आणि तिने सांगून टाकलं. फुलीच मारली असती तर कोणी वाचलं नसतं. मी वाक्य लिहिलं, बाबा. परत करणे असं लिहिलं.

गोमाजीने दोराची गाठ दाताने आवळली. नंतर विचारलं, “नाव बरोबर लिवलं होतं ना?”

“हो.”

“मंग ठीक हाये,” तो म्हणाला. “पेंढी दे.”

त्याच आठवड्यात, आभाळ रोज दुपारी पश्चिमेकडे गोळा होऊ लागलं होतं तेव्हा, राजदूत पुन्हा दारात आली. मारोतराव शाल आणि नारळ घेऊन आले होते. दानशूर पालकाचा सत्कार, म्हणाले, शाळेत करणार होतो, पण म्हटलं घरीच करू. गोमाजी तनसाचा कचरा अंगावर तसाच घेऊन खाली उतरला. त्याच्या घामाच्या उघड्या खांद्यावर शाल टाकली गेली. नारळ हातात आला. तो नारळ घेऊन उभा राहिला, कुठे ठेवायचा ते न कळून.

मारोतराव खाटेवर बसले. पाणी प्यायले. सांगू लागले की पुढच्या वर्षी दोन खोल्या वाढवायच्या आहेत, त्याशिवाय अनुदान मिळायचं नाही, आणि घनश्याम मास्तरांचं तर सगळं आता अनुदानावरच अवलंबून. बोलता बोलता तोंड पुसलं आणि मान मागे टाकली. अर्धं छप्पर अजून उघडं होतं. गोमाजीच्या बापाच्या वेळचं मयाल, म्हणजे घराची मुख्य तुळई, सबंध लांबीचं, काळं-तांबूस, त्यावर टेकलेले फाटे.

“सागाचं हाये का बा हे?” त्यांनी विचारलं.

नारळ अजून गोमाजीच्या हातात होता. बेबीने मायकडे पाहिलं.

माय चुलीपासून उठली. पदर नीट घेतला आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा ती पाहुण्यासमोर बोलली, हळू, अदबीने, जसं कोणी चहात साखर किती विचारतं.

“वर पाहू नका जी,” ती म्हणाली. “डोळ्यात तनस पडन.”

मारोतराव हसले. पण त्यांनी मान खाली केली नाही. आणि त्याच वेळी, वावधनाच्या त्या दुपारसारखाच, वारा पडला, लुगडं ढोलीवर बसलं, आणि पुन्हा फुगलं नाही.